विश्लेषण : एका बैठकीवरून हसवण्याची विद्या... ‘अकाने-बानाशी’ ही जपानी चित्रकथा विनोदाविषयी काय सांगते?

हाणामारी, जादू आणि समुद्री चाच्यांच्या कथांसाठी ओळखल्या जाणाऱ्या ‘वीकली शोनेन जम्प’ या जपानी साप्ताहिकात फेब्रुवारी २०२२ मध्ये एक वेगळीच मांगा (चित्रकथा मालिका) सुरू झाली. तिच्या नायिकेकडे ना तलवार आहे, ना अद्भुत शक्ती. तिच्याकडे आहे एक घडीचा पंखा, एक सुती पंचा आणि बसायला एक गादी. एवढ्या सामग्रीवर समोरच्या माणसांना हसवायचे, ही तिची लढाई. ‘अकाने-बानाशी’ नावाच्या या मालिकेने ‘राकुगो’ ही जुनी विनोदी कथनकला नव्या पिढीच्या वाचकांसमोर आणली. विनोद शिकवता येतो का, कलावंत तयार झाला हे ठरवायचे कोणी, आणि तो निर्णय चुकला तर त्याची किंमत कोण मोजतो, हे प्रश्नही तिने ऐरणीवर आणले. त्याविषयी...

‘अकाने-बानाशी’ची कथा काय आहे?

युकी सुएनागा यांचे लेखन आणि ताकामासा मोउए यांची चित्रे असलेली ही कथा ओसाकी अकाने या मुलीची आहे. तिचे वडील तोरू हे राकुगो कलावंत. ‘आराकावा शिन्ता’ हे त्यांचे रंगमंचावरील नाव. कलेत बरीच वर्षे घालवूनही त्यांना सर्वोच्च दर्जा मिळालेला नाही. पैसा बेताचा आणि घरखर्चाचा मोठा भार आईवर. पण लहानगी अकाने वडिलांचा सराव दाराआडून ऐकते आणि त्यांच्या कलेवर जीव टाकते.

सर्वोच्च दर्जासाठीच्या परीक्षेत तोरू ‘शिबाहामा’ ही अवघड कथा सादर करतात. सादरीकरण रंगते, प्रेक्षक दाद देतात. मात्र घराण्याचे सर्वेसर्वा आराकावा इश्शो निकाल देतात तो असा की, परीक्षेला बसलेल्या सगळ्यांनाच घराण्यातून काढून टाकले जाते. तोरू राकुगो सोडून नोकरी धरतात. सहा वर्षांनी कथा पुढे सरकते, तेव्हा अकाने १७ वर्षांची आहे आणि वडिलांचे गुरू आराकावा शिगुमा यांच्याकडे गुपचूप शिकते आहे. वडिलांना जो दर्जा मिळाला नाही तो आपण मिळवायचा आणि त्यांची कला कमअस्सल नव्हती हे सिद्ध करायचे, हे तिचे ध्येय. सूडकथेचा हा साचा ‘जम्प’च्या वाचकांच्या ओळखीचा आहे. फक्त येथे प्रतिस्पर्ध्याला लोळवायचे नसून प्रेक्षकाला हसवायचे आहे.

राकुगो म्हणजे नेमके काय?

राकुगो म्हणजे बसून सांगितलेली एकपात्री गोष्ट. किमोनो घातलेला कलावंत गादीवर गुडघे मुडपून बसतो आणि शेवटपर्यंत उठत नाही. नेपथ्य नाही, वेशांतर नाही. हातात फक्त पंखा (सेन्सू) आणि पंचा (तेनुगुई). पंखा कधी काड्या होऊन नूडल्स तोंडाशी नेतो, कधी चिलीम, कधी लेखणी, तर कधी तलवार होतो. पंचा पैशांचे पाकीट होतो किंवा पत्र.

कथेतील सगळी पात्रे तो एकटाच रंगवतो. मान एका बाजूला वळली की घरमालक बोलतो, दुसऱ्या बाजूला वळली की भाडेकरू. ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ असे जोडकाम जवळपास नसतेच. सादरीकरणाचे तीन भाग असतात. ‘माकुरा’ म्हणजे प्रेक्षकांशी केलेल्या सुरुवातीच्या गप्पा, मग मूळ कथा आणि शेवटी ‘ओची’, म्हणजे गोष्टीला कलाटणी देऊन हशा पिकवणारे अखेरचे वाक्य. राकुगोची मुळे बौद्ध प्रवचनकारांच्या गोष्टींपर्यंत नेली जातात. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आनराकुआन साकुदेन या भिक्षूने विनोदी गोष्टींचा संग्रह केला होता. धर्मोपदेश करताना श्रोता जागा राहावा म्हणून सांगितलेल्या गोष्टी पुढे स्वतंत्र करमणूक झाल्या. कीर्तनातील आख्यान ऐकलेल्या मराठी श्रोत्याला हा प्रवास समजायला जड जाऊ नये.

शेवट ठाऊक असलेल्या गोष्टीवर लोक हसतात कसे?

राकुगोच्या अभिजात कथा शेकडो वेळा सांगितल्या गेल्या आहेत. ‘तोकिसोबा’चे उदाहरण घेऊ. एक गिऱ्हाईक हातगाडीवर १६ नाण्यांच्या नूडल्स खाते. पैसे देताना एकेक नाणे मोजत आठपर्यंत येते आणि मध्येच विचारते, ‘‘किती वाजले?’’ विक्रेता म्हणतो, ‘‘नऊ.’’ गिऱ्हाईक ‘दहा’पासून पुढे मोजते आणि एक नाणे वाचवते. हे पाहणारा दुसरा माणूस पुढच्या रात्री तीच युक्ती करायला जातो, पण जरा लवकर. जुन्या जपानी कालगणनेत मध्यरात्रीला ‘नऊ’ म्हणत आणि त्याआधीच्या प्रहराला ‘चार’. त्याने आठ नाणी मोजून वेळ विचारली, उत्तर आले ‘चार’, आणि हा पठ्ठ्या पुढे ‘पाच, सहा...’ मोजत चार नाणी जास्तीची देऊन बसला.

हा शेवट जपानी श्रोत्यांना पाठ असतो. तरीही हसू येते, कारण हशा माहितीत नसून सांगण्यात असतो. पहिल्या गिऱ्हाइकाची सहजता आणि दुसऱ्याची धांदल यांतील फरक, नूडल्स ओढण्याचा आवाज, वेळ विचारण्याआधी घेतलेला क्षणभराचा विराम. या विरामाला जपानी भाषेत ‘मा’ म्हणतात. तो अर्ध्या क्षणाने चुकला तरी वाक्य पडते. ‘अकाने-बानाशी’त ज्या विद्येसाठी झगडा आहे, ती ही. विनोद सुचण्यापेक्षा तो पोहोचवण्याची.

विनोदाचे शिक्षण या मांगात कसे दाखवले आहे?

अकानेकडे आवाज आहे, पाठांतर आहे, अभिनय आहे. तिला कमी पडते ते समोरच्या माणसाकडे पाहणे. म्हणून थोरले गुरुबंधू क्योजी तिला कथा शिकवण्याऐवजी खानावळीत कामाला लावतात. कोणत्या टेबलावरचा पेला रिकामा झाला, कोण घाईत आहे, कोणाला बोलायचे आहे आणि कोणाला एकटे बसायचे आहे, हे न सांगता ओळखायचे. जपानी भाषेत याला ‘किबाताराकी’ म्हणतात. म्हणजे समोरच्याची गरज त्याने बोलण्याआधी हेरणे. गिऱ्हाइकाचे मन वाचता आले नाही, तर प्रेक्षकाचे कसे वाचणार, हा त्यामागचा विचार.

पुढे हौशी विद्यार्थ्यांच्या ‘काराकू चषक’ स्पर्धेत गुरू तिच्यावर एक बंधन घालतात. सांगायची ती ‘जुगेमू’च. ही कथा जपानमधील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मुलाला शुभ नाव हवे म्हणून बाप भिक्षूकडे जातो आणि सुचवलेली सगळीच नावे एकत्र करून ठेवतो. नाव इतके लांबलचक की, त्याच्या मारामुळे मित्राच्या डोक्याला आलेले टेंगूळ नाव घेऊन तक्रार सांगेपर्यंत बसलेले असते. प्रतिस्पर्ध्यांपैकी एक जुन्या कथांना आजचा बाज देण्यात पटाईत, तर दुसरी व्यावसायिक आवाज-अभिनेत्री. त्यांच्यासमोर अकानेच्या हाती सर्वांत साधी गोष्ट. मूळ मजकूर बदलण्याची सोय नसताना वेग, श्वास आणि नजर यांवर किती उभे करता येते, हे या भागात दिसते. परीक्षक इश्शोच आहेत. जिंकल्यावर तिला बक्षिसापेक्षा उत्तर हवे असते. वडिलांना का काढले?

‘शिनउची’ होणे एवढे महत्त्वाचे का?

टोक्योतील राकुगो कलावंतांच्या तीन पायऱ्या असतात. ‘झेंझा’ हा उमेदवार. तो रंगमंचामागे चहा करतो, थोरल्यांचे किमोनो घडी करून ठेवतो, ढोल वाजवतो, दोन कलावंतांमध्ये गादी उलटून घालतो. हे साधारण तीन ते पाच वर्षे. त्यानंतर ‘फुतात्सुमे’. आता त्याला स्वतःची प्रवेशधून मिळते, किमोनोवर हाओरी (वरचा अंगरखा) घालता येतो, पण कामे स्वतः शोधावी लागतात. हा टप्पा दहा वर्षांच्या आसपास चालतो. मग ‘शिनउची’. त्यालाच कार्यक्रमाचा शेवट करण्याचा मान मिळतो, तोच शिष्य घेऊ शकतो आणि त्यालाच ‘शिशो’ म्हणजे गुरुजी म्हटले जाते. पूर्वी कार्यक्रम संपल्यावर मेणबत्तीची वात विझवण्याचे काम अखेरच्या कलावंताकडे असे, त्यावरून हा शब्द आला असे सांगितले जाते. ओसाकाकडील परंपरेत मात्र दर्जाची अशी उतरंड आज उरलेली नाही.

विद्या गुरुमुखातून मिळते. जुन्या पद्धतीत गुरू कथा तीन वेळा सांगे आणि शिष्याने ती टिपण न काढता कानाने उचलायची. नंतर ती गुरूसमोर म्हणून दाखवायची. परवानगी मिळाल्याशिवाय प्रेक्षकांसमोर सांगायची नाही. आज ध्वनिमुद्रणाची सोय आली, पण परवानगीची चाल टिकून आहे. विशीतला उमेदवार शिनउची होईपर्यंत पस्तिशीच्या घरात पोहोचतो. म्हणूनच तोरूची हकालपट्टी म्हणजे केवळ नापास होणे नाही. नाव जाते, रंगमंच जातो आणि आयुष्याची उमेदीची वर्षे जातात.

बढतीवरून खरोखरच संस्था फुटल्या होत्या?

मांगातील आराकावा घराणे काल्पनिक आहे. मात्र बढतीचा वाद जपानी राकुगोच्या इतिहासात खराखुरा आहे. १९७० च्या दशकात टोक्योच्या ‘राकुगो क्योकाई’ या संस्थेत फुतात्सुमे कलावंतांची रांग लांबली होती. अध्यक्ष यानागिया कोसान (पाचवे) यांनी एकाच वेळी अनेकांना शिनउची करण्याचा मार्ग पत्करला. सानयूतेई एनशो (सहावे) यांचा त्याला कडाडून विरोध होता. शिनउची हा कसलेल्या कलावंताचा दर्जा आहे, नोकरीतील सेवाज्येष्ठता नव्हे, असे त्यांचे म्हणणे. १९७८ मध्ये ते शिष्यांसह बाहेर पडले. पण नाट्यगृहांनी नव्या संस्थेला जागा दिली नाही. सोबत निघालेल्यांपैकी काही जण परतले. पुढच्याच वर्षी एनशो यांचे निधन झाले आणि त्यांचे बहुतेक शिष्य मूळ संस्थेत परत गेले.

यावर तोडगा म्हणून संस्थेने १९८० मध्ये बढतीसाठी परीक्षा आणली. १९८३ मध्ये ताचिकावा दानशी यांचे दोन शिष्य तीत नापास झाले. निकालावर संतापलेल्या दानशी यांनी संस्था सोडली आणि स्वतःचे ‘ताचिकावा-र्‍यू’ घराणे उभे केले. गंमत अशी, की ज्या कोसान यांच्या संस्थेतून ते बाहेर पडले, ते कोसान हेच त्यांचे गुरू. नव्या घराण्यात दानशी यांनी फुतात्सुमेसाठी ५० आणि शिनउचीसाठी १०० कथा येणे अशी अट घातली. कायमची नाट्यगृहे हातची गेल्याने त्यांनी सभागृहांतून कार्यक्रम केले.

सगळ्यांना बढती द्यावी तर दर्जाचे मोल घसरते, परीक्षा घ्यावी तर परीक्षकाच्या आवडीनिवडीचा प्रश्न येतो, आणि ज्येष्ठतेने जावे तर गुणवंत तिष्ठत राहतो. आजही क्वचित एखाद्याला ज्येष्ठांना ओलांडून बढती मिळते. २०१२ मध्ये शुनपूतेई इचिनोसुके यांना २१ ज्येष्ठांच्या आधी शिनउची करण्यात आले, तेव्हा त्याची मोठी चर्चा झाली होती. ‘अकाने-बानाशी’ या वादात एक बाजू चटकन घेत नाही. इश्शो निर्दय दिसतात, पण कलेचा दर्जा राखण्याची त्यांची भूमिका पोकळ नाही.

राकुगोत महिलांचे स्थान काय?

राकुगो शतकानुशतके पुरुषांनी पुरुषांच्या आवाजासाठी घडवलेली कला आहे. कथांतील कारागीर, घरमालक, दारुडे, चोर बहुतेक पुरुषच. ओसाकाकडे त्सुयु नो मियाको यांनी १९७४ मध्ये गुरूकडे प्रवेश घेतला, तेव्हा या वाटेवर बाई जवळपास नव्हतीच. टोक्योत महिला शिनउची व्हायला १९९३ साल उजाडावे लागले. सानयूतेई कारुता आणि कोकोंतेई किकुचियो या त्या पहिल्या दोघी. २०२१ मध्ये कात्सुरा नियो यांनी ‘एनएचके’ची नवोदितांसाठीची राकुगो स्पर्धा जिंकली. परीक्षकांकडून पूर्ण गुण मिळवत ही स्पर्धा जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला. पुढच्याच वर्षी ‘जम्प’मध्ये अकाने अवतरली. मुलांसाठीचे साप्ताहिक म्हणून ओळख असलेल्या ‘जम्प’मध्ये मुलगी नायिका असणे हेच दुर्मीळ. पण तिचे मुलगी असणे ही कथेची मुख्य अडचण म्हणून रंगवलेली नाही. तिने दारुडा कोळी रंगवला तर तो दारुडा कोळीच दिसला पाहिजे, एवढीच अपेक्षा तिच्याकडून आहे.

आवाजाची कला मूक कागदावर कशी उतरते?

हा प्रश्न जपानला नवा नाही. १८८४ मध्ये सानयूतेई एनचो या थोर कलावंताची ‘बोतान दोरो’ ही भुताची कथा लघुलिपीत टिपून छापली गेली. बोलीतील ते छापील रूप इतके वाचले गेले, की आधुनिक जपानी गद्याला बोलभाषेकडे वळवण्यात त्याचा वाटा मानला जातो. ‘अकाने-बानाशी’ तीच अडचण चित्रांनी सोडवते. कथा संपूर्ण छापली जात नाही, कळीचे तुकडे निवडले जातात. एका चौकटीत गादीवरची मुलगी, पुढच्या चौकटीत तिच्या जागी गोष्टीतले पात्र आणि भोवती जुन्या एदोची गल्ली. विराम दाखवायला शब्दांविना चौकट. आणि विनोद लागला की नाही, हे सांगायला प्रेक्षकांचे चेहरे. कंटाळलेला म्हातारा पुढे सरकून बसला, एवढे दाखवले की वाचकाला आवाज ‘ऐकू’ येतो. राकुगोचे तपशील चुकू नयेत म्हणून व्यावसायिक कलावंताचे मार्गदर्शनही घेतले जाते.

होतकरू विनोदवीरांवर आणखी कोणत्या मांगा आहेत?

हारुको कुमोता यांची ‘शोवा गेनरोकु राकुगो शिंजू’ (२०१० ते २०१६) ही राकुगोवरचीच, पण प्रौढ वाचकांसाठीची मालिका. दोन गुरुबंधूंची मैत्री आणि मत्सर सांगताना ती युद्धकाळही दाखवते. १९४१ मध्ये वेश्यावस्ती, व्यभिचार आदी विषयांवरच्या ५३ कथा ‘काळाला अनुचित’ ठरवून कलावंतांनी आसाकुसा भागातील मंदिरात त्यांची प्रतीकात्मक समाधी बांधली होती. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये त्या पुन्हा खुल्या झाल्या. विनोदावर बंदी आली की कलावंत काय करतो, हा प्रश्न या काळाशी जोडलेला आहे.

राकुगोहून वेगळा प्रकार म्हणजे ‘मान्झाई’, दोघांची जुगलबंदी. ‘बोके’ वेडेवाकडे बोलतो, ‘त्सुक्कोमी’ त्याला झटकन टोकतो. ओसाकात १९१२ मध्ये सुरू झालेल्या ‘योशिमोतो’ या मनोरंजन कंपनीने हा प्रकार देशभर नेला आणि १९८२ मध्ये विनोदवीरांची प्रशिक्षण शाळाच काढली. गुरूच्या घरी पाणी भरण्याऐवजी फी भरून विनोद शिकण्याची सोय झाली. या जगावर मासानोरी मोरिता यांची ‘बेशारी-गुराशी’ आहे. ‘डेथ नोट’चे चित्रकार ताकेशी ओबाता आणि लेखक आकिनारी आसाकुरा यांची ‘शो-हा शोतेन’ ही २०२१ मध्ये सुरू झालेली मालिकाही त्याच वाटेवरची. उत्तम विनोद लिहिणारा पण मंचावर गोठणारा एक मुलगा आणि मंचावर सहज वावरणारा पूर्वीचा बालकलाकार, अशी ही जोडी. या क्षेत्रातील स्पर्धा किती तीव्र आहे याचा अंदाज ‘एम-१ ग्रां प्री’ या मान्झाई स्पर्धेवरून येतो. २००१ मध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेचे पहिले बक्षीस एक कोटी येन. २०२४ मध्ये तिच्यासाठी १० हजार ३३० प्रवेशिका आल्या. जिंकणारी जोडी एकच.

या सगळ्याचे मोल काय?

राकुगो आज टोक्योत सुझुमोतो, सुएहिरोतेई, आसाकुसा आणि इकेबुकुरो या चार कायमच्या नाट्यगृहांत जवळपास रोज चालतो. ओसाकात २००६ मध्ये ‘तेनमा तेनजिन हानजोतेई’ हे नवे नाट्यगृह उभे राहिले. तरी सवाल प्रेक्षकांच्या पुढच्या पिढीचा आहे. ज्याने कधी किमोनोतला कथाकार पाहिला नाही, त्या शाळकरी मुलाला ‘जुगेमू’च्या एका सादरीकरणासाठी आठवडाभर वाट पाहायला लावणे, हे या मांगाने साधले. २०२५ मध्ये तिच्यावरील अ‍ॅनिमे मालिकेची घोषणा झाली. आता चित्रांतला आवाज खरोखरच ऐकू येणार आणि अकानेची कसोटी आवाज-अभिनेत्रीला द्यावी लागणार. भारतातील वाचकांना प्रकाशक शुएइशाच्या ‘मांगा प्लस’ अ‍ॅपवर ही मालिका इंग्रजीत वाचता येते.

अकानेने सर्वोच्च दर्जा मिळवला तरी वडिलांची गेलेली वर्षे परत येणार नाहीत, हे कथेला ठाऊक आहे. तोरूंनी त्या परीक्षेत निवडलेली ‘शिबाहामा’ ही एका दारुड्या मासेविक्याची गोष्ट. समुद्रकिनारी सापडलेले घबाड हे स्वप्न होते, असे त्याची बायको त्याला पटवते. तो दारू सोडतो, कष्टाला लागतो आणि तीन वर्षांनी ती खरे सांगते. नवरा सावरावा म्हणून बायकोने इतकी वर्षे सांभाळलेल्या खोट्याची ही कथा सांगणारा माणूस स्वतःही बायकोच्या आधारावर उभा होता. प्रेक्षक दाद देत होते, परीक्षक गप्प होते आणि मुलगी प्रेक्षागृहात बसून ऐकत होती. यातला खरा निकाल कोणाचा, हे ठरवण्यासाठी आता तीच मुलगी त्या गादीवर बसते.